हौशी पाषाणसंग्राहक आणि त्यांची मंडळे



आपल्या देशातील मध्यम आकाराच्या शहरात नाणी जमविणाऱ्यांची एखादी संस्था बहुधा सापडते, टपालतिकिटांचे प्रदर्शन अधूनमधून भरते, आणि रविवारी पहाटे गळ्यात दुर्बिणी अडकवून तळ्याकाठी जमणारे पक्षिनिरीक्षकही असतात. दगड जमविणारा मनुष्य त्या शहरात नसतो असे नाही. पण तो एकटा असतो. त्याच्या कपाटाचे खालचे दोन खण भरलेले असतात, घरच्या मंडळींना त्याचे ओझे वाटत असते, आणि त्याच्या पश्चात ते दगड बागेतल्या कुंड्यांभोवती मांडले जातात किंवा थेट उकिरड्यावर जातात. खडक, खनिजे आणि जीवाश्म यांचा छंद असलेल्या अशा एकट्या माणसांना एकत्र आणणारी मंडळे, त्या मंडळांचा उपयोग आणि त्यांना हाताशी घेता येतील अशी साधने, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आपण बहुतेक जण ग्रंथालयांशी किंवा शाळांशी संबंधित आहात. अशा मंडळाला लागणारी एक खोली, एक कपाट आणि एक नोंदवही आपल्याकडे आधीच आहे, म्हणून हा विषय मी मुद्दाम आपल्यापुढे मांडतो आहे.

भूविज्ञान हे हौशी माणसांनी उभे केलेले शास्त्र आहे असे म्हटले, तर माझे व्यावसायिक सहकारी रागावतील. पण भारतापुरते तरी त्याचे पहिले प्रकरण हौशी माणसांचेच आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून ज्याचे नाव आपण शालेय इतिहासात वाचले, त्या विल्यम स्लीमनला १८२८ मध्ये जबलपूरच्या छावणीजवळ, बडा शिमला या टेकडीच्या परिसरात, दगड झालेले दोन मणके सापडले. ‘डायनोसॉर’ या नावाखाली येणारा गट शास्त्रज्ञांनी १८४२ मध्ये प्रथम मांडला. स्लीमनचे मणके त्यापूर्वीचे आहेत. स्लीमनने ते स्वतःच्या घरात शोभेसाठी ठेवले असते तर ही हकीकत तेथेच संपली असती. परंतु ते स्पिल्सबरी नावाच्या डॉक्टरच्या हातून कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपकडे गेले. हा प्रिन्सेप म्हणजे पुढे ब्राह्मी लिपी उलगडणारा टांकसाळीचा अधिकारी. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकरने त्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही जाती वर्णिली. नंतर हे मणके कोठे गेले ते कोणास सांगता येईना, आणि ते हरवले असेच मानले गेले. त्यांतील एक २०१२ मध्ये कलकत्त्यातच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा ओळखला गेला, आणि त्याचा वृत्तांत २०१३ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आला. एका लष्करी अधिकाऱ्याने वाटेत उचललेला दगड एकशे चौऱ्याऐंशी वर्षांनी पुन्हा हाती लागतो, याला दगडाचा टिकाऊपणा पुरेसा नाही. त्याचे वर्णन आणि चित्र कोणीतरी छापून ठेवलेले असावे लागते.

१८३० च्या दशकात शिवालिक टेकड्यांत हत्ती, पाणघोडे, जिराफाचे भाईबंद आणि प्रचंड कासवे यांचे अवशेष जमविणारे ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली हे दोघेही पोटासाठी निराळेच काम करीत. फाल्कनर डॉक्टर होता आणि सहारनपूरच्या वनस्पतिउद्यानाचा अधीक्षक होता. कॉटली कालवे खोदणारा अभियंता होता, आणि पुढे गंगेचा मोठा कालवा त्याच्याच नावावर जमा झाला. ‘शिवथेरियम’ आणि ‘स्टेगोडॉन गणेशा’ ही नावे आपल्या देवतांवरून ठेवणारे हेच दोघे. १८३७ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीने आपले वोलास्टन पदक त्यांना दिले. त्याच शिवालिकांत, जम्मूजवळ, सुमारे तीन मीटर लांबीचा स्टेगोडॉनचा सुळा शोधणारे दाराशा नौशेरवान वाडिया हे त्या काळात जम्मूच्या महाविद्यालयात शिकवीत होते. १९०७ ते १९२१ या चौदा वर्षांत त्यांनी सुट्टीचे दिवस डोंगरांत घालविले. सर्वेक्षण खात्यात ते त्यानंतर गेले.

नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपची गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. १८४५ पासून नागपुरात राहणारा हा मिशनरी शाळा चालवी, भाषा शिके, आदिवासींच्या चालीरीती टिपून ठेवी, आणि आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह शहराच्या आसपासचे दगड फोडी. नागपूरजवळ टाकळी येथे काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये मातीचा आणि चुन्याचा एक पातळ थर दिसतो, आणि त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींची कवचे, फळे, बिया आणि लाकडाचे तुकडे सापडतात. गोगलगायीचे कवच ही गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. परंतु तिचा अर्थ असा होतो की लाव्हाचा एक लोट थंड झाला, त्यावर तळी साचली, तळ्यांत जीव वाढले, काठाला झाडे आली आणि मग त्या सर्वांवर दुसरा लोट आला. दख्खनचे पठार एका दमात तयार झाले नाही, मध्ये विसावे होते, हे त्या कवचांनी सांगितले. नागपुरापासून लांब, मांगली येथून मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेनने १८५५ मध्ये तिचे वर्णन केले. १८६३ मध्ये टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला. त्याने वर्णिलेल्या थरांवर नंतर बिरबल साहनी आणि त्यांच्या शिष्यांनी काम केले, आणि ते काम आजही संपलेले नाही.

या सर्व माणसांत एक समान गोष्ट होती. ती धनिक नव्हती. बहुतेकांना पूर्णवेळ नोकरी होती. परंतु ती एकटी नव्हती. कलकत्त्यात १७८४ पासून एशियाटिक सोसायटी होती आणि १८३२ पासून तिचे नियतकालिक निघत होते. सहारनपूरचा डॉक्टर, जबलपूरचा कप्तान किंवा एखादा कालव्यावरचा अभियंता आपल्या हाती आलेली वस्तू तेथे पाठवू शके, आणि तिच्याविषयी चार जाणते लोक काहीतरी बोलत. त्या सोसायटीला आपण दगड जमविणाऱ्यांचे मंडळ म्हणत नाही, पण तिने काम तेच केले. १८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण स्थापन झाले, १८६१ पासून ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ आणि १८६८ पासून ‘रेकॉर्ड्‌स’ निघू लागले, आणि शास्त्राला भक्कम घर मिळाले. त्या घरात हौशी माणसाला बसायला ओसरी मात्र उरली नाही. हा कोणाचा दोष नव्हे. ओसरी स्वतंत्रपणे बांधायला हवी होती आणि ती आपण बांधली नाही.

इंग्लंडात ती बांधली गेली. लंडनची भूवैज्ञानिक सोसायटी १८०७ ची. तिचे दार सर्वांना खुले नव्हते. लाइम रीजिसच्या किनाऱ्यावर कड्यांतून मत्स्यसरट आणि दीर्घग्रीव सरटांचे सांगाडे काढून विकणारी सुतारकन्या मेरी ॲनिंग (१७९९–१८४७) हिच्या सामग्रीवर त्या सोसायटीच्या सभासदांनी निबंध लिहिले, पण ती स्वतः तेथे सभासद होऊ शकली नाही. स्त्रियांना त्या सोसायटीचे सभासदत्व १९१९ मध्ये मिळाले. १८५८ मध्ये स्थापन झालेल्या ‘जिऑलॉजिस्ट्स असोसिएशन’ने मात्र हौशी लोकांना, आणि त्यांत स्त्रियांनाही, प्रथमपासून प्रवेश दिला. व्याख्याने, सहली आणि एक नियतकालिक असा तिचा व्यवहार, आणि ती आजही चालू आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कचे खनिजमंडळ १८८६ चे. पुढे प्रत्येक राज्यात गावोगावी अशी मंडळे निघाली आणि १९४७ मध्ये त्यांचा महासंघ झाला. त्यांच्या मासिक सभा गिरिजाघराच्या किंवा शाळेच्या दालनात भरतात, दगड कापण्याचे आणि घासण्याचे यंत्र सामायिक असते, आणि म्हातारे सभासद मुलांना भिंग कसे धरावे ते शिकवितात. ॲरिझोनातील टूसॉन येथील एका मंडळाने १९५५ मध्ये एका प्राथमिक शाळेत छोटेसे प्रदर्शन भरविले. त्याचे आज जगातील एक प्रमुख खनिजप्रदर्शन झाले आहे. ‘रॉक्स अँड मिनरल्स’ हे नियतकालिक १९२६ पासून आणि ‘मिनरलॉजिकल रेकॉर्ड’ हे १९७० पासून या लोकांसाठी निघते. दुसऱ्याने २००३ मध्ये दख्खनच्या खनिजांवर विस्तृत लेख छापला. ज्या खनिजांच्या शेजारी आपण घरे बांधून राहतो, त्यांची जुळवून लिहिलेली हकीकत आपल्याला परदेशी हौशी लोकांच्या नियतकालिकात शोधावी लागते. यात शरम वाटण्यासारखे काही नसले तरी विचार करण्यासारखे आहे.

आता मंडळाचा खरा उपयोग कोणता, याकडे येतो. पुष्कळांना वाटते की मंडळ म्हणजे नमुन्यांची देवाणघेवाण. ती असतेच. पण माझ्या मते मंडळाचे पहिले काम म्हणजे दगडाबरोबर त्याची चिठ्ठी टिकविणे. हा नमुना कोणत्या गावाच्या कोणत्या खाणीतून, किती खोलीवरून, कोणत्या थरातून, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या हाताने निघाला, एवढे पाच ओळींत लिहिलेले असेल तर तो दगड शास्त्राच्या कामाचा. नसेल तर तो केवळ देखणा. गंमत अशी की आपल्याकडे एका जीवाश्माची चिठ्ठी परंपरेनेच जपली आहे. देव्हाऱ्यातील शाळिग्राम म्हणजे ज्युरासिक काळातील समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट या प्राण्याचा अवशेष. आणि तो गंडकीचा, हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. इतर दगडांना हे भाग्य मिळालेले नाही.

चिठ्ठी खोटी असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. उत्तर भारतातील एका विद्यापीठातील प्राध्यापकाने सुमारे पंचवीस वर्षे हिमालयातील जीवाश्मांवर शेकडो निबंध प्रसिद्ध केले, आणि त्यांत देशोदेशींचे नामवंत सहलेखक होते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की हिमालयातले म्हणून वर्णिलेले कित्येक अवशेष इतर खंडांतील होते. काही अमोनॉइड मोरोक्कोतील एर्फूदच्या धाटणीचे होते, जे युरोपातील दुकानांत कोणालाही विकत मिळत. काही सूक्ष्म अवशेष न्यूयॉर्क राज्यातील एका ओढ्याकाठच्या सुप्रसिद्ध स्थळाशी जुळत. दगड खरे होते आणि त्यांची वर्णनेही बव्हंशी बरोबर होती. खोटे होते ते फक्त स्थळाचे नाव. पण तेवढ्याने हिमालयाच्या स्तरांचा कालक्रम वर्षानुवर्षे गढूळ झाला, आणि प्रामाणिक संशोधकांनी केलेल्या नोंदींवरही संशय आला. असे विद्यापीठात घडू शकले, तर बाजारात काय होत असेल याची कल्पना करावी.

बाजाराचा प्रश्न दख्खनच्या पठारावर सर्वांत तीव्र आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकामागून एक पसरले आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांच्या कातळाने व्यापलेला आहे. लाव्हा थंड होताना तिच्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून ऊन पाणी झिरपले, त्याने कातळातील चुना, सोडा आणि सिलिका विरघळवून घेतली आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिकरूपाने ठेवली. स्टिल्बाइटच्या फिकट नारिंगी पेंढ्या, स्कोलेसाइटच्या सुया, हिरवट अपोफिलाइटचे चौकोनी मनोरे, ओकेनाइटचे कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे, ही सगळी त्या पोकळ्यांतली संपत्ती. यांतील पुष्कळांना झिओलाइट म्हणतात. क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ मध्ये हे नाव दिले. तापविल्यावर त्यातील पाणी उकळल्यासारखे बाहेर पडते, म्हणून ‘उकळणारा दगड’. बोरघाटातील रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडले तेव्हा या पोकळ्या मोठ्या प्रमाणावर उघडल्या, आणि तेव्हापासून जगातील संग्रहालयांत ‘पूना’ असे लिहिलेले नमुने दिसतात. पूना म्हणजे कोठे? पाषाणची टेकडी, वाघोलीची खाण, की दीडशे मैलांवरचे एखादे गाव? चिठ्ठी लिहिणाऱ्याला पुण्याखेरीज दुसरे नाव ठाऊक नव्हते, किंवा व्यापाऱ्याने आपली खाण सांगितली नव्हती.

वाघोलीचे उदाहरण पाहा. कॅव्हन्साइट हे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेले खनिज. १९७३ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यातून मिळालेल्या नमुन्यांवरून ते प्रथम वर्णिले गेले, आणि तेथील नमुने फार थोडे होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत ते निघू लागले: पांढऱ्या स्टिल्बाइटवर गर्द निळ्या फुलांचे गुच्छ. जगभरच्या संग्राहकांनी त्यासाठी गर्दी केली. त्याचप्रमाणे अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे २००१ मध्ये एका विहिरीच्या खोदकामात हिरव्या अपोफिलाइटचे अर्धगोलाकार गुच्छ निघाले, आणि आज ते नाव परदेशातील संग्राहकांच्या तोंडी असते. विहीर खोदणारा शेतकरी पाण्यासाठी खोदतो; पाणी लागले की ती पोकळी कायमची पाण्याखाली जाते. खाणीत तर याहून घाई असते. सुरुंग उडाला की कातळ ट्रकमध्ये भरला जातो आणि यंत्रात त्याची खडी होते. पोकळी कोणाच्या नजरेस पडली तर नमुना वाचतो. ती नजर तेथे राबणाऱ्या पाथरवटाची आणि मजुराची असते. त्याला स्टिल्बाइट हे नाव ठाऊक नसेल, परंतु कोणत्या रंगाच्या कातळात, कोणत्या फटीच्या खाली पोकळी मिळेल हे तो अचूक सांगतो. ही विद्या कोणीही लिहून घेतलेली नाही. खंबायतच्या अकीक घडविणाऱ्यांकडे आणि रतनपूरच्या खाणींत बाबा घोरचे नाव घेऊन उतरणाऱ्यांकडे अशीच शतकानुशतकांची विद्या आहे: कोणता दगड भट्टीत तापविला की लाल होतो, कोणता फुटतो. मंडळाच्या वहीत मजुराचे म्हणणे त्याच्या नावानिशी नोंदविले गेले पाहिजे, आणि नमुना घेतला तर त्याचा योग्य मोबदला त्याच्या हाती पडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणारे लोक माझ्या आदराचे आहेत. ते म्हणतात, आज दहा माणसे दगड उचलतात. तुम्ही मंडळे काढाल आणि शंभर माणसे हातोड्या घेऊन निघतील. जीवाश्मांची स्थळे उजाड होतील. या भीतीला आधार आहे. ॲरिझोनातील पाषाणीभूत अरण्यातून लोक लाकडाचे दगड झालेले तुकडे खिशात घालून नेतात, आणि मग मनाला टोचणी लागून पश्चात्तापाच्या पत्रासह टपालाने परत पाठवितात. परत आलेले तुकडे पुन्हा जागेवर ठेवता येत नाहीत, कारण जागा कोणती ते आता कोणासच ठाऊक नसते. उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी त्यांचा एक वेगळा ढीग केला आहे.

मला वाटते, येथे दोन प्रकारच्या स्थळांत भेद करावा लागतो. मध्य प्रदेशातील घुघुवा, तमिळनाडूतील तिरुवक्करै, जैसलमेरजवळचे अकल, ही स्थळे स्थिर आहेत. तेथील खोडे हजार वर्षांनी आलेल्या माणसालाही दिसावीत अशी ती आहेत. तेथून खडासुद्धा उचलू नये. घुघुव्यासारख्या राष्ट्रीय उद्यानात तसे करणे गुन्हाही आहे. याउलट चालू दगडखाण, विहिरीचे खोदकाम, रस्त्याची कापणी, पुरात ढासळणारा नदीकाठ, ही स्थळे रोज नष्ट होत आहेत. तेथे न उचललेला नमुना सुरक्षित राहत नाही, त्याची खडी होते. इंग्लंडच्या पश्चिम डॉर्सेट किनाऱ्यावर याच विचाराने एक संहिता स्वीकारली गेली: समुद्र कडा झिजवितो आणि पडलेले जीवाश्म वाहून नेतो, म्हणून ते उचलण्यास मुभा आहे, कड्यात खोदण्यास बंदी आहे, आणि शास्त्रीय महत्त्वाची वस्तू सापडली तर तिची नोंद करविणे अपेक्षित आहे. कशाला हात लावावा आणि कशाला नाही हे एकट्या माणसाला कोणी सांगत नाही. मंडळात त्याला ते दहा वेळा ऐकावे लागते. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या रक्षणासंबंधी एका विधेयकाचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला होता. अशा मसुद्यावर हौशी संग्राहकांची बाजू कोण मांडणार? त्यांची संघटना असेल तरच ती मांडली जाईल.

हौशी माणूस आज काय करू शकतो याचे उदाहरण नर्मदेच्या खोऱ्यात आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाग आणि कुक्षी यांच्या आसपास डायनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी आढळल्याचा निबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांबरोबर त्याच्या लेखकांत त्याच जिल्ह्यातील एक शाळाशिक्षक आहेत. एकेक टेकडी पायाखाली घालणारा आणि गावकऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलणारा माणूस बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाला सहजी मिळत नाही. त्याच वर्षी त्या भागातील काही गावांतून वर्तमानपत्रांत आले की शेताच्या बांधावर ‘काकड भैरव’ म्हणून पूजले जाणारे वाटोळे दगड म्हणजे अशीच अंडी आहेत. तेथे जाणाऱ्या मंडळाने प्रथम नमस्कार करावा आणि मग टेप काढून माप घ्यावे. उचलून आणण्याचा प्रश्नच नाही.

साधनांविषयी आता थोडक्यात सांगतो. कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयाची (स्थापना १८१४) भूविज्ञानदालने, लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आणि डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे संग्रहालय ही पाहण्यासारखी आहेत. लखनौच्या संस्थेची कोनशिला अवश्य पाहावी. साहनींनी स्वतः तीत देशोदेशींचे जीवाश्म बसविले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसविली गेली आणि आठवड्याभरातच साहनी निवर्तले. झिओलाइटांसाठी नाशिकजवळ सिन्नरचे ‘गारगोटी’ हे खासगी संग्रहालय आहे. हिमाचलातील साकेती येथे शिवालिकांचे जीवाश्म उद्यान आहे. बंगळूरची भारतीय भूवैज्ञानिक सोसायटी (१९५८) प्रामुख्याने व्यावसायिकांची असली, तरी तिची पुस्तके सामान्य वाचकालाही उपयोगी पडतात. वाडियांचे भारताच्या भूविज्ञानावरील पुस्तक १९१९ चे. त्याची नंतरची आवृत्ती कोणत्याही जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळते. सर्वेक्षणाचे ‘रेकॉर्ड्‌स’ त्याच कपाटात वरच्या फळीवर धूळ खात असतात. ते आपण, म्हणजे ग्रंथपालांनी, खाली काढून ठेवावेत.

आणि मंडळासाठी साहित्य? दहापट मोठे दाखविणारे भिंग, हातोडी, डोळ्यांवर चष्मा, जुनी वर्तमानपत्रे, विना झिलईच्या फरशीचा तुकडा, आणि व्हिनेगरची बाटली. १८१२ च्या सुमारास मोस याने आखलेली कठीणपणाची मोजपट्टी आजही पुरते: नख, तांब्याचे नाणे, काच. नखाने जो ओरखडला जातो तो जिप्सम. नाण्याने जातो आणि व्हिनेगरात फसफसतो तो कॅल्साइट. काचेवर चरा काढतो तो गारगोटीचा. चालू खाणीत मालकाच्या लेखी परवानगीशिवाय आणि सुरुंगाची वेळ विचारल्याशिवाय जाऊ नये. नमुन्यावर पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका द्यावा, त्यावर शाईने क्रमांक लिहावा, आणि तोच क्रमांक वहीत आणि चिठ्ठीवर असावा. चिठ्ठी हरवली तरी दगडावरचा क्रमांक राहतो. वही मंडळाच्या मालकीची असावी, व्यक्तीच्या नव्हे; सभासद वारला तर त्याचा संग्रह जवळच्या महाविद्यालयाकडे जाईल असे त्याने स्वहस्ते लिहून ठेवावे. या शेवटच्या कलमावर पुष्कळ सभासद कुरकुरतात. तरीही ते नियमांत घालावे.

सर्व खनिजे कपाटात ठेवून निश्चिंत होता येत नाही, हेही नव्या मंडळाने लक्षात घ्यावे. लोमोंटाइट खाणीतून आणले तेव्हा चकचकीत असते. कोरड्या हवेत त्यातील पाणी उडते आणि काही काळाने डबीत पांढरी भुकटी उरते. म्हणून ते दमट ठेवतात. ओकेनाइटचा गोळा एकदा बोटाने दाबला गेला की त्याचे केस पुन्हा उभे राहत नाहीत. मागच्या भिंतीजवळील टेबलावर काही नमुने मांडून ठेवले आहेत. प्रत्येकाखाली त्याची चिठ्ठी आहे. चहा होईपर्यंत ते पाहावेत, हाताळण्यासही हरकत नाही. फक्त डावीकडच्या काचेखालच्या डबीचे झाकण कृपया उघडू नये.